इस्त्रीवाले भाऊजी

सकाळी मी भाऊजींना न्यायला जातो. आम्ही दोघं एकाच यार्डात कामाला. स्कूटर माझी, पेट्रोल माझं आणि उशीर झाला की बोलणीही मलाच. गेली पंधरा वर्षं हा क्रम चालू आहे. मागच्या वर्षी मात्र त्यात एक नवीनच गोष्ट येऊन बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात पोचायचो तेव्हा भाऊजी काचेचा ग्लास पाण्याने काठोकाठ भरत असायचे. मग तो उजव्या हातात धरून हात सरळ समोर करायचे आणि पाण्याकडे टक लावून उभे राहायचे. मग डावा हात. पाणी हललं की त्यांचा चेहरा उतरायचा. आणि पाणी रोजच हलायचं.

"हे काय नवीन?" मी पहिल्या दिवशी ताईला हळूच विचारलं.

"मला काय विचारतोस? मी विचारलं तर म्हणाले, तहान लागलीय."

ताई माझी थोरली बहीण. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चालतं. ती कपड्यांना इस्त्री करते आणि भाऊजी काँक्रीटला. हा विनोद माझा नाही, अख्ख्या यार्डाचा आहे. भाऊजींना तिथे सगळे 'इस्त्रीवाले'च म्हणतात.

गोदामं, कारखाने, मोटारींची दुकानं यांची जमीन काँक्रीटची असते, ती घालून द्यायचं काम आमच्या यार्डाचं. ओतलेला कोबा जरा घट्ट झाला की त्यावर भाऊजींचं मशीन चढतं. वर खुर्ची, खुर्चीत भाऊजी आणि खाली दोन मोठी चक्रं. प्रत्येक चक्राला पाच आर्म, प्रत्येक आर्मला एक लांबट पोलादी पातं. ही दहा पाती ओल्या कोब्यावर टेकून गरागरा फिरतात आणि त्याला चोपून गुळगुळीत करतात. मशीनला स्टेअरिंग नाही, दोन दांडे आहेत. दांडा करंगळीएवढा हलला तरी अर्ध्या टनाचं धूड हातभर सरकतं. म्हणजे सगळा खेळ हातांचा. भाऊजींचे हात इतके हलके की हे मशीन चालवताना त्यांना पाहिलं तर वाटावं, माणूस खुर्चीत बसून डुलक्या काढतोय.

सुरुवात त्यांनी थापीने केली होती, गुडघ्यांवर बसून. ताईची आणि त्यांची ओळखच मुळी गुडघ्यांवरून झाली. ते पँट दुरुस्तीला घेऊन आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा ताई म्हणाली, "तुमच्या पँटचे गुडघेच कसे फाटतात दरवेळी? देवाकडे इतकं काय मागता?"

"देवाकडे नाही, कोब्याकडे," भाऊजी म्हणाले. "सरळ राहा म्हणून मागतो."

ताईने गुडघ्यांना दुहेरी ठिगळ लावून दिलं आणि पुढच्या वर्षी लग्न केलं. पुढे मालकांनी हे बसायचं मशीन आणलं, तेव्हा त्यावर बसायची कुणाची छाती होईना. भाऊजी बसले. पहिला तासभर ते जागच्या जागी भोवऱ्यासारखे फिरत होते आणि आम्ही पोट धरधरून हसत होतो. संध्याकाळी ते सरळ रेषेत चालवत आले, तेव्हा हसायचं बंद झालं.

पण भाऊजींचं खरं काम लोकांना दिसत नाही, ते मला दिसतं, कारण यार्डाचं स्टोअर माझ्या ताब्यात आहे. काम संपलं की बाकीचे चहाकडे धावतात आणि भाऊजी पाण्याच्या पाइपकडे. पात्यांवरचं काँक्रीट सुकायच्या आत ते धुऊन, खरवडून, तेलाचा हात फिरवून ठेवतात. पातं बदलायचं असेल तर एक कधीच बदलत नाहीत. दहाच्या दहा बदलतात. एकदा मी जीव तोडून म्हणालो, "भाऊजी, मोडलंय एकच, बाकीची नऊ चांगली आहेत की!" त्यावर ते म्हणाले, "एका पायात नवी चप्पल आणि दुसऱ्यात झिजलेली घालून बाजारात जाऊन ये. मग बोलू."

पात्यांइतकीच त्यांना आर्मची काळजी. प्रत्येक आर्मला एक छोटा बोल्ट असतो, त्यावर त्या पात्याचा कल ठरतो. पाची पात्यांचा कल एकसारखा हवा. एकाचा जरी केसभर जास्त असला तर तेच पातं कोब्याला टोचतं, मशीन उड्या मारतं आणि जमिनीवर लाटा उठतात. हा कल सारखा लावण्यासाठी एक जिग असतं. जिग म्हणजे जाड पोलादी पाट्यावर एक खाच आणि तिच्यासमोर एक ठोकळा. आर्म काढून त्या खाचेत बसवायचा, आवळायचा आणि बोल्ट फिरवत फिरवत समोरच्या ठोकळ्याला जेमतेम टेकवायचा. दहाही आर्म तसेच. मोठ्या कामाआधी भाऊजी अर्धा दिवस हेच करत बसतात, जेवणाचा डबा शेजारी तसाच पडलेला असतो.

हे जिग माझ्या स्टोअरमध्ये राहतं. माझ्या स्टोअरमधून टाचणी हलली तरी मला कळते, असा माझा लौकिक आहे. लौकिक म्हणजे, मीच तो सांगतो. पाना न्यायचा तर सही, तारेचा ब्रश न्यायचा तर सही. मालकांकडूनही मी सही घेतलेली आहे. शिवाय यार्डाचं फाटक एका बोटाने उघडतं, तेही माझं काम. ट्रकने मागे येताना त्याची बिजागरी पार वाकवली होती. ती मी एका दुपारी सरळ केली. त्यानंतर किती तरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते फाटक बोटाने उघडून दाखवायचो. नको त्या माणसांनाही.

त्याच सुमारास भाऊजींच्या कोब्यावर पहिली लाट आली.

एका गोदामाचं काम होतं. दाराशी टॉर्च जमिनीवर आडवा ठेवला की प्रकाशात उंचवट्यांच्या सावल्या दिसतात, तशा दिसल्या, चंद्रकोरीसारख्या, ओळीने. भाऊजींनी दहाही आर्म काढले, जिगवर लावले. पुढच्या कामाला पुन्हा लाटा. पुन्हा आर्म काढले. गंमत अशी, की पहिल्या वेळी उजव्या चक्राचं तिसरं पातं टोचत होतं, दुसऱ्या वेळी पाचवं, तिसऱ्या वेळी डाव्या चक्राचं पहिलं. दोष एका जागी असता तर तो भाग फेकून नवा घातला असता. पण हा दोष आज इथे तर उद्या तिथे. भाऊजींनी त्याचा एकच अर्थ लावला. मशीन तेच, जिग तेच, कोबा तोच. मग बदललं कोण? त्यांचे हात.

दुसऱ्या कुणी अवजारावर खापर फोडलं असतं. पण भाऊजींना त्याचाच तिटकारा. पातं बोथट, इंजीन जड, काँक्रीट पातळ, अशी रडगाणी कुणी लावली की ते एवढंच म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं." आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेली म्हण त्यांनी आता स्वतःला लावून घेतली. म्हणून तो ग्लास.

सहा महिन्यांत चार जमिनी बिघडल्या. चौथ्या वेळी मालकांनी त्यांना स्टोअरसमोर गाठलं. मी आत होतो आणि कान बाहेर होते.

"पुढच्या बुधवारी स्केटिंगच्या हॉलचा कोबा आहे," मालक म्हणाले. "छोट्या चाकांवर पोरं धावणार. तिथे लाट चालणार नाही, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"हे काम तुमच्यावर सोडतो. पण यात जर लाट आली, तर मशीन उंच्याकडे द्यावं लागेल. तुम्ही यार्डात बसा, धुणं-पुसणं बघा. वय होतंच हो सगळ्यांचं."

"लाट आली तर किल्ली मीच त्याच्या हातात देईन," भाऊजी म्हणाले.

उंच्या म्हणजे आमच्याकडचा दुसरा कारागीर. तो चालत ढकलायचं छोटं मशीन चालवतो, भिंतीकडेचा भाग त्याच्याकडे. माणूस सज्जन. त्याला भाऊजींची खुर्ची नको होती अशातला भाग नाही, पण अशी नको होती. त्या दिवसापासून तो भाऊजींसमोर आला की आपली सगळी उंची कुठे ठेवू असं त्याला व्हायचं.

रविवारी दुपारी मी ताईकडे जेवायला होतो. भाऊजी घरी कामाचं काहीच बोलत नाहीत. पण त्या दिवशी जेवताना त्यांच्या हातून चमचा पडला आणि त्यांनी हाताकडे असं काही पाहिलं, की ताईने ताट बाजूला सारलं.

"आता सांगणार आहात की नाही? सहा महिने बघतेय, रोज तहान लागते तुम्हाला आणि थेंब पीत नाही."

भाऊजींनी सांगितलं. लाटा, मालक, बुधवार, सगळं. शेवटी म्हणाले, "हात गेले माझे. जिगवर एकेक आर्म डोळ्यात तेल घालून लावतो, तरी सारखे लागत नाहीत."

"जिग म्हणजे माप ना?" ताईने विचारलं.

"हो. माप लावायचा साचा."

"आणि त्याचं माप कोण घेतं?"

"जिगचं कशाला घ्यायचं? ते पोलाद आहे."

ताईने गळ्यातला शिवणकामाचा टेप काढून टेबलावर ठेवला. "ऐका. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी दवाखान्याने लिहून पाठवलेल्या मापांनी नर्सचे कोट शिवले होते, आठवतं? सगळे ढगळ झाले. मी रडरड रडले. वाटलं, नजर गेली माझी, आता काय शिवणार. आणि नजर कसली, टेप ताणला गेला होता, रोज ओढून ओढून. तेव्हापासून मी टेप पोलादी पट्टीवर ठेवून बघते. आधी टेप तपासायचा, मग स्वतःला दोष द्यायचा."

"कापड ताणलं जातं. पोलाद नाही ताणलं जात," भाऊजी म्हणाले आणि ताट उचलून उठले.

मी मात्र हातातला घास ताटात ठेवला. कारण मला एकदम ती बिजागरी आठवली.

फाटकाची वाकलेली बिजागरी सरळ करायला ऐरण हवी होती. ऐरण यार्डात नव्हती. पण स्टोअरमध्ये एक जड, सपाट, पोलादी पाटा होता. मी जिग काढलं, त्याच्या खाचेत बिजागरी ठेवली आणि मोठ्या हातोड्याने मनसोक्त ठोकली. मग जिग पुसून जागेवर ठेवलं. सही घेतली नाही. स्वतःची सही स्वतः कशी घेणार?

सोमवारी मी भाऊजींना "मला लवकर जायचंय, तुम्ही बसने या" असं सांगून एकटाच यार्डात पोचलो. जिग खाली काढलं. जुन्या खिडकीच्या काचेची पट्टी खाचेच्या तळावर उभी धरली. काचेखालून उजेड दिसत होता. खाचेच्या मधोमध हातोड्याच्या घावाने खड्डा पडला होता आणि खड्ड्याच्या कडा नखाच्या जाडीएवढ्या वर आल्या होत्या. मी एक आर्म खाचेत ठेवून बोटाने दाबला. टक. दुसरीकडून दाबला. टक. एक पाय आखूड असलेलं स्टूल हलतं, तसा. आवळताना आर्म ज्या बाजूला कलला असेल त्या बाजूला तो बसणार. दहा आर्म दहा परीने. भाऊजी डोळ्यात तेल घालून लावत होते, पण लावत होते ते हलत्या स्टुलावर.

आता मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी कानस घेतली आणि त्या वर आलेल्या कडा घासून टाकल्या. काच ठेवली, उजेड दिसेना. आर्म ठेवला, हलेना. पोलादाचा भुगा फुंकरीने उडवला आणि जिग फळीवर ठेवलं. नऊ वाजता भाऊजी आले तेव्हा मी रजिस्टरमध्ये रेघा मारत होतो.

मी स्वतःची समजूत घातली, की झालं काम. दुखणं गेलं, मग ते कुणामुळे झालं हे सांगून कुणाचं भलं होणार? हॉलचा कोबा सरळ येईल, भाऊजी खुश, मालक खुश, माझा लौकिक शाबूत. साप मेला आणि काठीही वाचली.

सोमवारी भाऊजींनी दहाही आर्म जिगवर लावले. मंगळवारी यार्डाच्या कोपऱ्यात ट्रक उभा करायची जागा नव्याने ओतली होती, तिथे मशीन फिरवून पाहिलं. मशीनने एकदाही उडी मारली नाही. उंच्याने लांब पट्टी ठेवून पाहिली, पट्टीखाली कागद शिरेना. "बघा!" तो म्हणाला. मीसुद्धा "बघा!" म्हणालो, जरा जास्तच जोरात.

भाऊजी नुसते मान हलवत होते. "छोटा तुकडा होता. छोट्या तुकड्यावर कुणीही सरळ चालतं."

बुधवारी सकाळी मी त्यांना न्यायला गेलो. ते स्वयंपाकघरात उभे होते. हात समोर, हातात ग्लास. त्या दिवशी पाणी हलत नव्हतं, सांडत होतं. मनगटावरून ओघळून बाहीत जात होतं.

"ताई, अगं..." मी म्हणालो.

"रात्रभर जागे आहेत," ताई म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "उंच्याला फोन केलाय. म्हणाले, आज तूच बस मशीनवर."

"पोरांसाठी आहे ती जमीन," भाऊजी ग्लासकडे बघतच म्हणाले. "माझ्या हट्टापायी कुणी पडायला नको. काल जमलं. आज जमेलच असं नाही. ज्या हातांचा भरवसा नाही, ते घेऊन कशाला बसायचं?"

मला तेव्हा कळलं, की मी जिग दुरुस्त केलं, माणूस तसाच ठेवला. जिग सरळ झालेलं त्यांना माहीत नव्हतं, कारण ते वाकडं होतं हेच त्यांना माहीत नव्हतं. जमीन चांगली आली तरी ते म्हणणार, आज नशीब. आणि उद्या पुन्हा ग्लास.

"भाऊजी, समजा," मी सुरुवात केली, "समजा एखाद्या यार्डात एखाद्या माणसाने..."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?" ताई म्हणाली. बहिणीला भावाचं तोंड वाचता येतं. "काय केलंस?"

मी सांगितलं. बिजागरी, हातोडा, खाचेतला खड्डा, काच, कानस. एका दमात सांगितलं, नाहीतर मधेच धीर सुटला असता. "तुमच्या हातांना काहीच झालेलं नाही, भाऊजी. माझ्यामुळे झालं ते. जिग वाकडं होतं."

ताईने गळणारा नळ घट्ट बंद केला.

"तुला कधी कळलं?" भाऊजींनी विचारलं.

"रविवारी संशय आला. सोमवारी खात्री झाली."

"आज बुधवार."

"हो."

"सहा महिने मी माझ्याच हातांवर पहारा ठेवला," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "बिजागरीचं एक वेळ ठीक आहे. चूक होते. पण सोमवारी तू मला बघितलंस, मंगळवारी बघितलंस, आणि गप्प बसलास."

ताई तर मला उलथन्याने मारायलाच उठली होती. "इथे रोज चहा पितोस! हा ग्लास रोज बघतोस! काय माणूस आहेस की फाटक?"

मला रडू आलं. पन्नाशीच्या माणसाला बहिणीच्या स्वयंपाकघरात रडू येणं फारसं शोभत नाही, पण आलं. भाऊजींनी ग्लास ओट्यावर ठेवला, ओली बाही दुमडली आणि स्कूटरकडे निघाले.

यार्डाच्या फाटकाशी त्यांनी मला थांबवलं. खाली उतरले. एका बोटाने फाटक ढकललं. ते अलगद उघडलं. त्यांनी ते पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं.

"छान चालतंय," ते म्हणाले आणि आत गेले. मला भर रस्त्यात चार थोबाडीत मारल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

त्यांनी आधी जिग मागितलं. मी रजिस्टर पुढे केलं आणि लगेच मागे घेतलं. त्यांनी खाचेत आर्म ठेवला, दोन्हीकडून दाबला. हलला नाही. मग अंगठ्याने तो खड्डा चाचपत राहिले, बराच वेळ, जखम चाचपावी तसा. शेवटी खिशातून फोन काढून उंच्याला म्हणाले, "तू तुझ्याच मशीनवर राहा. किल्ली माझ्याकडे आहे."

मी कधी कामाच्या जागी थांबत नाही, स्टोअर सोडवत नाही मला. त्या दिवशी स्टोअरला कुलूप लावलं आणि मशीनच्या ट्रकमागे स्केटिंगच्या हॉलवर गेलो. काँक्रीट सकाळी ओतून झालं होतं. भाऊजी काठावर उभे राहून वाट बघत होते. या कामात निम्मी अक्कल वाट बघण्यात आहे. अधूनमधून ते टाच टेकवून बघायचे, किती रुतते. मालक दोनदा म्हणाले, "चढवायचं का?" भाऊजी दोनदा म्हणाले, "अजून नाही." तिसऱ्यांदा टाचेचा नुसता ठसा उमटला, तेव्हा ते खुर्चीत जाऊन बसले.

बसल्यावर त्यांनी दोन्ही दांड्यांवर हात ठेवले आणि क्षणभर त्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी नजर उचलली, समोरच्या भिंतीवर लावली आणि मशीन सुरू केलं. पुन्हा काही त्यांनी खाली पाहिलं नाही.

पहिल्या फेरीला पाती सपाट होती, कोबा नुसता चोपला गेला. मग थोडं थांबून दुसरी फेरी, पाती किंचित उचललेली. मग आणखी उचललेली. दरवेळी आवाज बदलत होता, आधी जाड खरखर, मग बारीक, मग ताई कापडावरून कात्री पळवते तसा सलग. मशीन मागे मागे सरकत दाराकडे येत होतं आणि त्याच्यासमोर जमीन काळपट चमकत पसरत चालली होती. भिंतीकडेने उंच्या आपलं मशीन ढकलत होता आणि मधूनच मान वर करून बघत होता. भाऊजी खुर्चीत डुलक्या काढत होते. म्हणजे, तसे दिसत होते. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तसे दिसत होते. मला इतका आनंद झाला, की मी शेजारी उभ्या असलेल्या मालकांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

संध्याकाळी मालकांनी खिडक्या बंद करवल्या आणि दाराशी टॉर्च जमिनीवर आडवा ठेवला. उजेड सरळ पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. एक सावली नाही. मालक ओणवे होऊन, मग गुडघे टेकून, मग जवळजवळ पालथे पडून बघत राहिले.

"हं," ते उठत म्हणाले. मालकांचं 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणाचं भाषण असतं.

तेव्हा मी मालकांना जिगचं सांगितलं. उंच्यासमोर, सगळ्यांसमोर. एकदा लाज गेली की दुसऱ्यांदा बोलणं सोपं जातं. मालक बराच वेळ माझ्यावर ओरडले आणि ते योग्यच होतं. चार जमिनींचा हिशोब त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला आणि भाऊजींकडे वळून "वयाबद्दल बोललो ते..." एवढं म्हणून घसा खाकरला. भाऊजी म्हणाले, "पाती धुवायची आहेत, काँक्रीट सुकेल," आणि पाइपकडे गेले. मी त्यांच्या मागे गेलो. त्यांनी मला नको म्हटलं नाही. अर्धी पाती त्यांनी खरवडली, अर्धी मी. एकमेकांशी बोलणं नव्हतं, पण खरवडायचा ब्रश एकच होता, तो आळीपाळीने द्यावा-घ्यावा लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या दारात मी जरा घुटमळलोच. स्वयंपाकघरात बघतो तो भाऊजी ग्लास भरत होते. काठोकाठ. इतकं होऊनही?

त्यांनी ग्लास माझ्यापुढे केला. "धर."

"मला तहान..."

"धर म्हटलं ना. हात सरळ कर."

मी हात सरळ केला. ताई चहा गाळायची थांबली. सुरुवातीला पाणी शांत होतं. मग कडेला बारीक थरथर उठली. मी हात घट्ट केला, तशी ती वाढली. मी श्वास रोखला, आणखी वाढली. पाणी हिंदकळलं, माझ्या बोटांवरून ओघळलं, माझ्या बाहीत शिरलं आणि कोपरावरून थेट बुटात पडलं.

"रविवारपर्यंत दवाखान्यात दाखवून घे," भाऊजी गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "हात गेले तुझे."

आधी ताई हसली. मग ते हसले. सहा महिन्यांचं साठलेलं हसू होतं ते, ओट्याला धरून हसावं लागलं त्यांना. मी तसाच उभा, हात पुढे, बाही ओली, आणि मलाही हसू फुटलं, त्यामुळे उरलेलं पाणीही सांडायला लागलं.

भाऊजींनी माझ्या हातातून ग्लास काढून घेतला. तळाशी होतं तेवढं पाणी प्यायले, ग्लास विसळून मांडणीवर पालथा घातला आणि म्हणाले, "चल. यार्डात जाऊन जिगच्या खाचेत काच ठेवून बघायची आहे. आता रोज सकाळी तू ठेवायचीस. आणि सही करायचीस."